विठ्ठल फिटरांचं घर कुठं आलं?

आमच्या वरच्या मजल्यावरचे विठ्ठलतात्या रोज सकाळी सायकलच्या कॅरिअरला वळकटी बांधून बाहेर पडायचे आणि दुपारी जेवायला घरी यायचे. वळकटी न सोडता! आता सांगा, ज्याला दुपारी घरच्याच कॉटवर पडायचंय, त्याला वळकटी कशाला? मी न राहवून विचारलंच.

"वळकटी नसली तर पावणं कोण म्हणंल रं मला?" तात्या म्हणाले.

तात्या वारणानगरला साखर कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. रिटायर झाले, कॉलनीतली खोली सोडावी लागली, त्याच्या आधीच काकी गेल्या होत्या. मुलानं शिवाजी पेठेत ही जागा घेऊन दिली आणि स्वतः मस्कतला गेला. रविवारी त्याचा फोन यायचा. बाकी सहा दिवस तात्या आणि सायकल.

पँटला कपड्याचे चिमटे लावून हा माणूस गावभर पत्ता विचारत हिंडायचा. तोही कुठं? ऐन गंगावेशीत! मागं रिक्षा बोंबलतायत, पुढं म्हशी आडव्या, उसाचा ट्रॅक्टर वळता वळेना, आणि मधोमध तात्या सायकलवरनं एक पाय टेकून उभे. पत्ता सांगायला सहा जण जमायचे. सहाच्या सहा वाटा वेगळ्या. मग त्यांचीच आपापसांत जुंपायची, "अरं गप्प, तुला काय ठावं?" आणि तात्या मधे उभे राहून लग्नातल्या नवरदेवासारखे खूश. कोल्हापुरात पत्ता विचारला की पत्ता मिळेलच असं नाही, चहा मात्र मिळतो.

"रस्ता चुकल्याबिगर गाव कळत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि चुकतोय कोण? एकदा मला एसटी गाठायची होती, तर तात्यांनी बोळाबोळातनं असा रस्ता सांगितला की मी पेठेत जन्मून मला तो माहीत नव्हता! मग हे रोज विचारतात तरी काय?

एका सुट्टीच्या दिवशी मी सायकल काढून त्यांच्याबरोबर कळंब्याला गेलो. तळ्याजवळ चहाचा गाडा. गाडेवाल्यानं लांबनंच आरोळी ठोकली, "या पावणं! घावलं का न्हाय पेठेतल्या विठ्ठल फिटराचं घर?"

"कुठलं घावतंय!" तात्या म्हणाले.

मला चहाचा असा ठसका लागला की विचारू नका. हा बाबा वर्षभर स्वतःचंच घर विचारत फिरत होता!

परत येताना मी चिडलोच. "तात्या, लोकांना काय येडं समजता काय?"

तात्यांनी पायडल मारता मारताच सांगितलं. "कॉलनीत गेटवर कुणालाबी इचार, विठ्ठल फिटराचं घर बोटानं दावील. हितं पाच वर्सं झाली. एक दिवस तरी कोणतरी म्हणंल की, व्हय, मला ठावं हाय."

पाच वर्षं त्यांच्या पायाखाली राहत होतो, पण जिना चढून एकदाही वर गेलो नव्हतो. लाज वाटली मला.

पुढं पावसाळ्यात तात्यांना तापानं धरलं. सायकल आठ दिवस जिन्याखाली. आमची ही वर पेज नेऊन द्यायची. नवव्या दिवशी दारात तो कळंब्याचा गाडेवाला! पेठेत चार ठिकाणी विचारत, चिखलात माखून आला होता. मला ओळखलं नाही त्यानं. मी जिना दाखवला, तर भिडस्त माणूस, खालच्या पायरीवरनंच ओरडला.

"फिटरसाहेब हायसा का? आपली वळख न्हाय. माझा कळंब्याला च्याचा गाडा हाय. एक वळकटीवालं पावणं वरीसभर तुमचं घर हुडकालंय. म्हातारं मानूस, आठ दिस झालं दिसलं न्हाय. हितं आलंतं का? का कुठं आजारी पडलंय? जीवाला घोर लागलाय बघा."

मला हसू फुटणारच होतं, पण त्याचे चिखलानं भरलेले पाय बघून आवरलं. वर कॉट करकरली.

"पोचलं की," वरनं तात्यांचा बसका आवाज आला. "आत्ताच पोचलं पावणं. या वर, च्या टाकतो."