सुलूची दुपटी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे रोझी आंटीच्या लग्नाच्या गाऊनची लेस उसवली. संध्याकाळची वेळ, लालबागची आमची खोली, बाहेर गॅलरीत पोरांचा कल्ला. गाऊनचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून मी ताणून बसलेलो आणि सुलू, म्हणजे माझी बायको, ब्लेडच्या अर्ध्या पात्यानं एकेक टाका तोडत होती. लेस सुटली तशी तिनं ती वरच्या ओठावरून फिरवली, डोळे मिटले आणि म्हणाली, "झालीय मऊ."

मग चहा प्यायलो. एवढंच. शेवटचं काम आहे हे माहीत असतं तर मी अंगठा जरा सावकाश सोडला असता.

कापड ओठावरून फिरवायची सुलूला खोडच होती. दुसऱ्या बायका कापड बोटांनी बघतात. हिचं म्हणणं, बोटं भांडी घासून घासून मेलेली असतात, त्यांना काय कळतंय. "ओठाला टोचलं ते बाळाला टोचणार." तान्ह्या बाळाला नवं कापड लावायचं नाही, धुऊन धुऊन विरलेलं लावायचं, हे आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे. सुलूनं त्याचा धर्म करून टाकला होता. आमच्या चाळीत, पलीकडच्या चाळीत, पार भायखळ्यापर्यंत कुणाला दिवस राहिले की ही कामाला लागायची. जुन्या साड्यांचं दुपटं, वर हातानं भरलेलं, कडेला लेस. दोरा तेवढा नवा, बाकी सगळं जुनं.

आता एवढं जुनं आणायचं कुठून? लोकांच्या अंगावरून. खोटं सांगत नाही. भाजीवाल्याकडे उभी असली तरी हिची नजर पुढच्या बाईच्या पदरावर. बोलता बोलता पदर हातात घ्यायची. छान आहे हो, अजून मऊ व्हायचीय, झाली की मला सांगा. एका लग्नात नवरदेवाच्या आईलाच हे सांगून आली. त्या बाईनं साडीची घडी त्याच दिवशी मोडलेली. बुद्ध पौर्णिमेला विहारात सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून यायच्या, तेव्हा तर ही खजिन्यात बसल्यासारखी बसायची. वंदना संपली की अध्यक्षांच्या बायकोला जयभीम घालायची आणि लगेच, "ताई, पुढच्या वर्षी ही माझी बरं का." पुढच्या वर्षी ताई खरंच साडी धुऊन, इस्त्री करून घरी आणून द्यायच्या. हिला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

माझं विचाराल तर मी नवरा नव्हतो, कापड मऊ करायचं मशीन होतो. मी माझगावला गोदीत रंगारी. सुती शर्ट तीच निवडून आणणार, मी घालणार, तीच धुणार. शर्ट अंगाला नीट बसायला लागला, कॉलर टोचायची थांबली, की एक दिवस गायब. विचारलं तर म्हणायची, तुमचं झालं आता, तो शिंद्यांच्या नातवाला लागतोय. एकदा दवाखान्याच्या रांगेत बसलो होतो, तर समोरच्या बाईच्या मांडीवर मला माझी पाठ दिसली. निळ्या रेघांची. तिच्यावर पोर मस्त झोपलेलं.

माणसांनाही ती कापडाचाच नियम लावायची. नवी लग्न झालेली एक पोरगी नवऱ्याची तक्रार घेऊन रडत आली. सुलू म्हणाली, कोरा आहे गं, अजून मऊ व्हायचाय. मी आतून विचारलं, मग आमचं काय?

"तुम्ही गोणपाट," ती म्हणाली. "पण टिकाऊ."

बाजारातल्या नायलॉनच्या लेसला ती काथ्या म्हणायची. तिला सुती लागायची, हातानं विणलेली, जुन्या परकरांची, जुन्या पडद्यांची. रोझी आंटी माझगावच्या, एकट्याच राहतात. त्यांच्या कपाटातल्या गाऊनसाठी ही वर्षभर त्यांच्याकडे चहा प्यायला जात होती. आंटी म्हणायच्या, सुलू, मी मेली की घे. ही म्हणायची, आंटी, तोवर कसर खाईल, आणि बाळं कुणासाठी थांबतात का? शेवटी आंटीच गाऊन पिशवीत घालून जिने चढत आमच्याकडे आल्या. वर हिलाच विचारतात, एक ब्लाउज पण आहे, बघतेस?

दुपट्याच्या कोपऱ्यात काय भरायचं ते तीच ठरवायची. फुलं नाहीत. बापाचं काम भरायची. कोळ्याच्या पोराला पापलेट, इतकं खरं की मांजर येऊन वास घेऊन गेलं. हवालदाराच्या मुलीला शिट्टी. आमच्या मजल्यावरचा दिलीप तेव्हा काहीच करत नव्हता, दिवसभर लोळायचा. त्याच्या मुलाला हिनं खाट भरून दिली. साखळी टाक्यानं, उशीसकट. सगळी चाळ बघायला येऊन गेली. दिलीप दुपटं घेऊन भांडायला आला, ही काय मस्करी आहे म्हणून. सुलूनं सुईसुद्धा थांबवली नाही.

"तू कामाला लाग, मी उसवते."

गॅरेजमध्ये लागला. हिनं खाट उसवली आणि त्या जागी पाना भरून दिला.

दादरहून एक मॅडम आल्या होत्या, त्यांचं मोठं दुकान आहे. दुपटी बघून खूश झाल्या. म्हणाल्या, लोक हे काचेत घालून भिंतीवर लावतात, द्याल का? सुलूनं विचारलं, "भिंतीला थंडी वाजते का?" मॅडम हसल्या, पोहे खाल्ले आणि रिकाम्या हातानं गेल्या. त्या दिवशी मी खाली नाक्यावर जाऊन भेटेल त्याला हे सांगून आलो. अजून सांगतो. तुम्हालाही सांगितलं.

लेस उसवली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, भात होतोय तोवर जरा टेकते म्हणाली आणि टेकली ती उठलीच नाही. हार्ट, डॉक्टर म्हणाले. पुण्यानुमोदनाला बायका लेकरं घेऊन आल्या. विहारात जिकडे बघावं तिकडे हिची दुपटी. डोंबिवली, विरारला राहायला गेलेले लोकही आले. कॉलेजात जाणारी एक मुलगी आपलं चिंधी झालेलं दुपटं घडी करून पर्समधून घेऊन आली होती. मोठमोठ्या लोकांच्या शोकसभा बघितल्यात मी. असं कुणाचं बघितलं नाही.

मागे एक दुपटं अर्धं राहिलं. सायलीचं. सायली आमच्या शेजारच्या खोलीतली, तिला दिवस भरत आलेले. तिचा नवरा स्कूटरवरून पार्सलं पोचवतो म्हणून कोपऱ्यात स्कूटर. पुढचं चाक भरून झालेलं, मागचं नाही. रोझी आंटी आणि सायलीची आई आमच्याच खोलीत बसल्या, दोघींनी गाऊनची लेस लावली. मागचं चाक भरायचं का म्हणून विचारलं तर सायली म्हणाली, "काकूंनी सोडलंय तसंच राहू दे. आमचा तसाही एका चाकावरच चालवतो."

आता अस्तर राहिलं. बाळाच्या अंगाला लागतं ते अस्तर, म्हणून त्याला सगळ्यात मऊ साडी लागते. सायलीच्या आईकडच्या साड्या सगळ्या पॉलिस्टर. सुलूच्या मी नातेवाइकांत वाटून टाकलेल्या. आंटींनी विचारलं, सुलूची एक पण नाय राहिली? मी म्हटलं, नाही.

होती. ती गेली त्या दिवशी सकाळी बदलून धुण्यात टाकलेली, सुती, रंग पार गेलेली. ती मी कुणाला दिली नव्हती आणि धुतलीही नव्हती. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून गादीखाली ठेवली होती. संध्याकाळी गाठ सोडायचो. खोबरेल तेल, लसणाची फोडणी, तिचा घाम. लगेच गाठ मारायचो, जास्त जायला नको. तरी वास रोज थोडा थोडा कमी होत होता.

सायलीची आई म्हणाली, मग उद्या बाजारातून मलमल आणते. नवी मलमल. सायली कमरेवर हात ठेवून उठली आणि घरी गेली. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो. सुलूच्या दुपट्याला कोरं अस्तर लागणार होतं, आणि ते माझ्यामुळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं तसा मी बादली घेऊन नळावर गेलो. बायका बाजूला झाल्या. पिशवीची गाठ सोडली, साडी तोंडावर धरली, छातीत मावेल तेवढा वास भरून घेतला आणि साबणाच्या पाण्यात बुडवली. चांगली चोळली. पाणी नितळ येईपर्यंत खंगाळली. गॅलरीतल्या दोरीवर ऊन येतं त्या बाजूला पसरली, आणि सायलीच्या आईला हाक मारून सांगितलं, मलमल आणायला जाऊ नका.