सदूकाका मागच्या सीटवर

आमच्या शेजारचे सदूकाका नदीला विचारल्याशिवाय पूल ओलांडत नाहीत. नागोठण्याला अंबा नदी आली की काच खाली करून विचारतात, "अंबाबाय, जाऊ का?" आणि नदीच्या वतीने "जा" म्हणायचं काम आमच्या दोन वर्षांच्या मुक्ताकडे असतं. एकदा ती पुलाच्या अलीकडेच झोपली, तर काकांनी मला गाडी हळू करायला लावली. मागून ट्रकवाला हॉर्न बडवतोय आणि मी, बँकेतला चारचौघांत मान असलेला माणूस, बायकी आवाजात "जा" म्हणतोय.

त्याचं असं झालं. मुक्ताचं आजोळ पेणला. दर रविवारी रोह्याहून निघालो की गाडी गल्लीबाहेर पडायच्या आत ती भोकाड पसरायची. एका रविवारी काका खाली उभे होते. त्यांनी सरळ मागचं दार उघडलं, आत बसले आणि म्हणाले, "पोर रडत नाय, कंटाळतंय. चला." पेणला त्यांचं काही काम नव्हतं. अजूनही नसतं.

मागच्या सीटवर त्यांचंच राज्य. मोबाईल बंद. खाऊ म्हणजे डब्यातले कुरमुरे, तेही एकेक. "मूठभर दिलं तर खेळ वडखळच्या आधीच संपतो," हे त्यांचं शास्त्र. रस्त्यात म्हैस दिसली की तिची चौकशी, "आंघोळ केलीस का गो?" वडखळला गाड्या तुंबल्या की आम्ही वैतागतो आणि काका खूश होतात, कारण ट्रकची चाकं मोजता येतात. मुक्ताला तीनपर्यंतच येतं, म्हणून काकाही तीनवर थांबून पुन्हा एकपासून सुरू करतात. बायको म्हणते, मागे दोन पोरं बसलीत, त्यातलं थोरलं जास्त दंगा करतं.

काकांचा मुलगा मस्कतला असतो. नातू तिकडेच जन्मला. अडीच वर्षांचा झाला तरी काकांनी त्याला फोनवरच पाहिलेला. "फोनाला मांडी नसते," असं ते एकदा म्हणाले, तेव्हा मी हसलो होतो. यंदा गणपतीला नातू येणार असं ठरलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या मुक्तावर इतके दिवस तालीम चालली होती.

पेणजवळच्या जोह्याहून गणपतीची मूर्ती आणायला माझीच गाडी काढली. परतताना काकांचा मुलगा पुढे, मांडीवर रुमालाने तोंड झाकलेली मूर्ती. मागे काका आणि नातू. पोराची आई घरी, समोर अनोळखी म्हातारा. त्याने पेण सुटायच्या आतच सूर लावला. काकांनी म्हशी दाखवल्या, चाकं मोजली, कुरमुरा पुढे केला. त्याने तो भिरकावला. शेवटी मुलाने मागे वळून फोन दिला आणि पोर गप्प झालं. काका खिडकीबाहेर बघत बसले. नागोठण्याचा पूल आला तरी त्यांनी काच खाली केली नाही. मला त्या फोनचा भयंकर राग आला.

पूल ओलांडल्यावर थोड्याच वेळात फोनची बॅटरी संपली. पुन्हा रडणं सुरू झालं. या वेळी काकांनी काहीच केलं नाही, नुसता हात पसरून ठेवला. रडून रडून दमलेलं पोर हळूहळू कलंडलं आणि त्या हातावर डोकं टाकून झोपलं.

घराशी पोचलो. काकू दारात तांदूळ-पाणी घेऊन उभ्या. घरातल्या कर्त्याने बाप्पाला आत घ्यायचं, ही त्यांच्याकडची रीत. एरवी उंबऱ्यात क्षणभर उशीर झाला तरी काका घर डोक्यावर घेतात. मुलगा मूर्ती घेऊन पायरीवर थांबला. काका गाडीतून हलेनात.

काकू गाडीजवळ आल्या. "अवो, उतरा ना. बाप्पा दारात उभा हाय."

काकांनी हात जराही न हलवता, अगदी हळू आवाजात सांगितलं, "ऱ्हाव दे उभा. तो दरसाल येतो."