तुळाजी चिताऱ्याने सायकलमार्गाचे सात फलक पाळिले त्याची हकीकत

श्री. ज्याच्या चाकास आरंभ नाही आणि अंत नाही त्या काळपुरुषास दंडवत घालून वर्तमान लिहावयास घेतले ऐसे जे. पृथ्वीवर राज्ये बहुत जाहली आणि बहुत बुडाली, परंतु ज्या राज्यात एकही मनुष्य सायकलमार्गावर वाट चुकला नाही ऐसे राज्य हे एकच. कां की तोवर त्या राज्यात सायकलमार्ग नव्हता. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी श्रीमंतांची स्वारी विमानात बसून परमुलखास गेली आणि तेथे त्यांनी डोळां पाहिले की, थोरथोर कारभारी अंगात कोट घालून सायकलीवर बसतात आणि कचेरीस जातात. मग श्रीमंत बहुत विस्मित जाहले आणि परत येऊन दरबारात बोलिले की, "आमच्या प्रजेने ऐसे काय पाप केले, की तिजला सायकल नाही?" तेव्हा दरबारात शंभर असामी बसली होती, त्यांतील एकासही सांगवेना की प्रजा आजोबापणजोबापासून सायकलीवरच आहे आणि मोटारी चुकवीत कशीबशी जिवंत आहे. मग हुकूम जाहला की सायकलमार्ग करावा. रस्तेखात्याने अर्ज केला की तीन साले लागतील. फलकखात्याने अर्ज केला की नऊ दिवस लागतील. श्रीमंतांची मर्जी नवावर बसली. मग थोरल्या रस्त्याच्या कडेस चुन्याची एक पांढरी रेघ ओढिली आणि मार्ग सिद्ध जाहला, फलक तेवढे राहिले.

फलकखात्याचे अध्यक्ष राजश्री मुकुंदराव टोणपे. मोठे दक्ष, मोठे शिस्तीचे, परंतु मोटारीच्या काचांस पडदे असल्याकारणे आपल्या खात्याचा फलक रस्त्यावर उभा कसा दिसतो, हे त्यांनी चौदा वर्षांत पाहिले नव्हते. त्यांच्या हाताखाली तुळाजी चितारी म्हणून अक्षर लिहिणारा होता. वय बावन्न, हात ऐसा की सुताशिवाय ओळ सरळ यावी, आणि रोज घरून कचेरीस सायकलीने येणारा खात्यातील एकटा तोच. त्याच्या वडिलांनी मरतेसमयी सांगितले होते की, "तुळ्या, जे अक्षर आपण लिहिले ते आपणच मोडले, तर रंगात पाणी शिरते." ते वचन त्याने ऐसे धरिले की, लिहिलेला फलक दिसला की तो पाळावयाचा, मग वर आभाळ पडो. लोक हसत. लोकांचे काय, लोक फलकाकडे बघतच नसत. ते थोरल्या रस्त्याने दोन बसांच्या मधून देवाचे नाव घेत निघून जात.

मग मुकुंदरावांनी सहा फलकांच्या चिठ्ठ्या दिल्या आणि तुळाजीने क्रमाने लिहिले. पहिला, 'सायकलमार्ग प्रारंभ'. दुसरा, 'सायकलस्वारांचे स्वागत असो', त्याखाली मुकुंदरावांनी स्वहस्ते वाढविले की 'येथे थांबू नये', कां की नुसते स्वागत केल्याने प्रजा शेफारते. तिसरा, 'पुढे पूल, उतरून चालावे'. चौथा, 'पूल संपला, आता बसावे'. पाचवा, 'डावीकडे वळावे'. सहावा, 'सायकलमार्ग समाप्त'. एकेक वाळला की कागदात गुंडाळून टेम्पोत ठेविला, पहिला सर्वांत तळाशी आणि सहावा सर्वांत वर. आता त्या खात्याचा दस्तूर ऐसा की, लिहिणाऱ्याने लिहावे आणि रोवणाऱ्याने रोवावे. रोवणाऱ्याने वाचिले तर तो लिहिणाऱ्याच्या कामात हात घालणे होय आणि त्याबद्दल पूर्वी दोघांस समज मिळाली होती. सबब रोवणारे मार्गाच्या आरंभी उतरले, टेम्पोतील सर्वांत वरचा फलक काढिला, पहिल्या खांबास ठोकिला, आणि मग त्याखालचा दुसऱ्यास, आणि त्याखालचा तिसऱ्यास, ऐसे करीत कचेरीच्या दरवाजापाशी सहावा खांब आला तेथे तळचा फलक लाविला, आणि कागद फाडून, हात झाडून, चहा प्यावयास गेले.

दुसरे दिवशी तुळाजी घरून निघाला तो पहिल्याच खांबावर आपलेच सुंदर अक्षर दिसले की 'सायकलमार्ग समाप्त'. तो क्षणभर उभा राहिला आणि मनात म्हणाला की, हा तर फार लवकर झाला. पुढे 'डावीकडे वळावे' आले, तेव्हा वळला, तो थेट जनावरांच्या दवाखान्याच्या अंगणात. तेथे गणू पोळ कंपाउंडर म्हशीस सुई टोचून उभा होता तो बोलिला, "या तुळाजीमामा, जनावर कुठंय?" तुळाजी म्हणाला, "जनावर नाही, सायकल आहे." गणू म्हणाला, "मग वहीत काय लिहू? लंगडी का गाभण?" तुळाजी म्हणाला, "तूर्त लंगडी लिही," आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडून पुन्हा मार्गास लागला. पुढे पुलाच्या अलीकडे 'पूल संपला, आता बसावे' ऐसा हुकूम होता. तो बसलेलाच होता, तरी अवज्ञा नको म्हणोन उतरला आणि पुन्हा बसला. पूल ओलांडिला तो पलीकडे 'पुढे पूल, उतरून चालावे'. पुढे चार कोस पूल नाही. तो उतरला. आता बसावे ऐसे सांगणारा फलक मागे राहिला, म्हणजे कचेरीपर्यंत पायी जाणे प्राप्त. तेही तो गेला असता, परंतु त्याच खांबाच्या पुढे वीस हातांवर बागखात्याचा एक जुना फलक होता की 'येथे पायी चालण्यास सक्त मनाई'. तोही तुळाजीनेच लिहिला होता, अठरा वर्षांमागे, 'सक्त' हे अक्षर तांबड्याने. एका फलकाने चालावयास सांगितले आणि दुसऱ्याने चालावयास बंदी केली. मग तो मागे फिरला आणि कुंभारगल्लीने मोठा वळसा घालून कचेरीस पोहोचला, तो नवाचे ठोके पडून वीस मिनिटे जाहली होती. हजेरी घेणाऱ्या अंगठ्याच्या यंत्राने त्याच्या नावापुढे लाल शेरा मारिला. तिसरे दिवशीही तेच, आणि दुसरा लाल शेरा. खात्याचा कायदा ऐसा की तिसरा लाल शेरा पडला की बदली सरहद्दीवर, मैलाचे दगड रंगवावयास. तेथे साठ कोसांत मनुष्य नाही आणि दगडास वाचता येत नाही.

घरी मैनाबाई, तुळाजीचे कुटुंब, शिवणयंत्रावर बसल्या होत्या, त्यांनी हे ऐकिले आणि पाय थांबविला. म्हणाल्या, "अहो, सगळं गाव बोर्डाकडं पाठ करून जातं. तुम्हालाच कसलं पुण्य लागलंय?" तुळाजी म्हणाला, "मी लिहिलेत ते." त्या म्हणाल्या, "मी ब्लाउज शिवते, म्हणून सगळे मीच घालते का?" मग त्या दोरा तोडून हळूच बोलिल्या, "सरहद्दीवर तुम्ही दगड रंगवाल हो सुखानं. मी इथं भांडू कुणाशी?" तेव्हा तुळाजीने ठरविले की साहेबांस सांगावे.

मग दुसरे दिवशी शनिवारची सुटी होती, तेव्हा तुळाजी मुकुंदरावांच्या घरी जाऊन त्यांच्यापुढे उभा राहिला आणि अर्ज केला की, फलक उफराटे लागले आहेत. मुकुंदराव म्हणाले, "अक्षर उलटे आहे?" तुळाजी म्हणाला, "नाही साहेब, अक्षर सुलटे, क्रम उलटा." मुकुंदराव म्हणाले, "मग आपल्या खात्याचे काम चोख आहे." तुळाजी म्हणाला, "काढून पुन्हा लावावेत." हे ऐकताच मुकुंदरावांनी चष्मा उतरविला, कां की त्या राज्यात लावलेला फलक काढण्याचा दस्तूरच नाही, दरमहा वर जो तक्ता जातो त्यात लाविलेल्या फलकांचे घर आहे, काढलेल्यांचे घर आखलेलेच नाही. ते म्हणाले, "तुळाजी, तुम्ही जुने माणूस आणि ऐसे बोलता? फलक काढायचा नसतो, फलकाने फलक समजवायचा असतो." आणि सातव्या फलकाची चिठ्ठी दिली की, 'मार्गावरील फलक शेवटाकडून आरंभाकडे वाचावे.' तुळाजीने तो मन लावून लिहिला, आणि रोवणाऱ्यांनी तो नेला, आणि मोकळा खांब कचेरीच्या दरवाजापाशी तेवढा होता सबब तेथे लाविला. म्हणजे जो कोणी सर्व मार्ग भोगून शेवटास पोहोचेल त्यास तो कसा भोगावयास हवा होता हे कळावे.

इतक्यात हुजुरातून वर्दी आली की सोमवारी श्रीमंतांची स्वारी कचेरीच्या दरवाजापाशी येणार, आणि नवाच्या ठोक्यास एक सायकलस्वार सर्व मार्ग क्रमून आलेला खाशा नजरेने पाहणार. खात्यात सायकल एकाचीच. तुळाजीस बोलावून म्हणाले, "ठोक्यास आलात तर दोन्ही लाल शेरे मी स्वतः पुसतो. न आलात तर तिसरा पडेल आणि सरहद्दीचा हुकूम त्याच दिवशी निघेल." तुळाजीने विचारिले, "साहेब, फलक पाळून येऊ की न पाळून?" मुकुंदराव ओरडले, "श्रीमंतांच्या मार्गावर श्रीमंतांचे फलक मोडाल? एक मोडलात तरी सरहद्द!" तुळाजीने मान डोलाविली. त्यास बरेही वाटले, कां की न पाळण्याचे त्यास जमलेच नसते.

सोमवारी तो साडेसातासच निघाला. 'समाप्त' या फलकास त्याने नमस्कार केला, डावीकडे वळला, आणि गणू पोळाने वहीत लिहिले की सायकल, लंगडी, तिसरी खेप, सुधारणा नाही. पुलाअलीकडे उतरून बसला, पुलापलीकडे बसलेला उतरला आणि सक्त मनाईच्या फलकापर्यंत येऊन थांबला. मागे फिरून कुंभारगल्लीकडे पाहतो तो स्वारीच्या बंदोबस्तासाठी गल्ली बांबूने बंद, आणि बांबूपाशी हवालदार शंकर धायरे उभा. तो म्हणाला, "चितारीबुवा, बसा नाहीतर चाला. मधे काय उभं राहिलाय?" तुळाजी म्हणाला, "बसायला मागचा फलक नको म्हणतो, चालायला हा नको म्हणतो." हवालदार म्हणाला, "लिहिलंय कुणी?" तुळाजी म्हणाला, "मीच." हवालदार म्हणाला, "मग माझ्याकडं बघून काय उपयोग? आरशात बघा." ऐसे म्हणोन त्याने दयेने एक विडी देऊ केली, परंतु तेथे विडीबद्दलही एक फलक होता. पावणेनऊ जाहले. तुळाजीच्या डोळ्यांपुढे साठ कोस ओसाड माळ आणि एकामागून एक दगड उभे राहिले, आणि मैनाबाईंचे शिवणयंत्र मध्येच थांबलेले ऐकू आले.

तेव्हा मागून खात्याचा टेम्पो आला. त्यात स्वारीसाठी फुलांची कमान होती आणि चालविणारा इमाम शिकलगार. त्याने मान बाहेर काढून विचारिले, "काय मामा, तुम्हाला पण रोवलं का इथं?" तुळाजी म्हणाला, "इमाम, बसता येत नाही, चालता येत नाही." इमाम म्हणाला, "मग पडता येतंय का? चला, मागं आडवे व्हा." तुळाजीने सातही फलक मनात एकदा शेवटाकडून आणि एकदा आरंभाकडून वाचून पाहिले, बागखात्याचाही पाहिला. सायकल उचलून नेऊ नये, आणि स्वारास आडवे वाहून नेऊ नये, ऐसे कोठेही नव्हते. असते तर त्यास ठाऊक असते, कां की ते त्यानेच लिहिले असते. मग हवालदाराने सायकलीचे मागले चाक धरिले, तुळाजीने पुढले धरिले, सायकल झेंडूवर चढविली, तिच्याशेजारी तुळाजी निजला, आणि टेम्पो निघाला. आणि आठ मिनिटांत कचेरीचा दरवाजा आला. कमानीसाठी इमामास थांबविले, कमानीच्या आड तुळाजी खाली उतरला, सायकल उतरविली, तो समोर खांब आणि खांबावर 'सायकलमार्ग प्रारंभ'. तेथून बसण्यास कोणाचीही मनाई नव्हती. त्याने टांग टाकिली आणि अकरा हात अंतर सायकल चालवीत श्रीमंतांपुढे गेला, आणि घंटी वाजविली, आणि त्याच क्षणी नवाचा पहिला ठोका पडला.

श्रीमंत बहुत खुशी जाहले. त्यांनी तुळाजीच्या कपाळाकडे पाहिले आणि म्हणाले, "सर्व मार्ग सायकलीने आला आणि घामाचा थेंब नाही, उलट अंगाला फुलांचा वास! हा मार्ग म्हणावा." मग त्यांची नजर सातव्या फलकाकडे गेली, तो त्यांनी दोनदा वाचिला आणि बोलिले, "शेवटाकडून आरंभाकडे. फार खोल आहे. कोणाचे वचन?" मुकुंदराव पुढे होऊन म्हणाले, "खात्याचेच." तेव्हा श्रीमंतांनी त्यांस शाल पांघरविली आणि हुकूम केला की ऐसे फलक तमाम मुलखात लावावे. मुकुंदरावांनी वचन पाळिले आणि दोन्ही लाल शेरे पुसिले. तुळाजी सायंकाळी घरी गेला तो मैनाबाईंनी दाराशीच विचारिले, "राहिलात ना?" तो म्हणाला, "राहिलो." त्या म्हणाल्या, "मग कपडे झटका, सगळा झेंडू चिकटलाय, घरात कोण झाडणार तो?" आणि भांडण यथासांग सुरू जाहले.

मार्ग झाला, फलक राहिले, तुळाजीची चाकरी राहिली, एवढेच या वर्तमानाचे सार. साल अखेर रस्तेखात्याने मोजदाद केली त्यात लिहिले आहे की, सदर मार्गाने आरंभापासून शेवटापर्यंत सालभरात एकूण एकच सायकल गेली, ती टेम्पोत.