गाडीची हजेरी

आमच्या भिंगारच्या गल्लीत शेळकेनानांची जुनी गाडी चालू झाली नाही, की हजेरी भरते. नाना बॉनेट उघडतात, टाचा जुळवतात आणि पुकारतात, "बॅटरी!"

"हजर!" समोरून पठाणचाचा ओरडतात.

लष्करी वर्कशॉपात जन्मभर इलेक्ट्रिशियन असलेल्या नानांनी प्रत्येक शेजाऱ्याला गाडीचा एकेक भाग वाटून दिलाय. बॅटरी चाचांकडे, स्टार्टर इस्त्रीवाल्या बबनकडे. मला याद्या करायची सवय, म्हणून रजिस्टर माझ्याकडे. आपला भाग तपासायचा, मगच 'हजर' म्हणायचं. न तपासता म्हटलं, तर "खोटी हजेरी!" आणि गाडीभोवती पळत एक फेरी. बबनने एका सकाळी सात मारल्यात.

गेल्या रविवारी मात्र नानांचा आवाज चढला होता. कंबरेचं हाड मोडून चार महिने पारनेरला लेकीकडे राहिलेल्या नानांच्या पत्नी सुमनकाकू अकरा वाजता घरी येणार होत्या. "ती उतरायच्या आत गाडी बोलली पायजे!"

किल्ली फिरवली. बॅटरी चाचांनी आदल्या रात्रीच चार्ज केलेली, त्यामुळे दिवे लख्ख. हॉर्न असा वाजला की चाचांच्या हातचा चहा सांडला. इंजिन ढिम्म. साधी कुरकुरही नाही.

"रुसली असंल, नाना," बबन म्हणाला.

"रुसायला ती तुझी बायकू हाय व्हय? स्टार्टर!"

"हजर!"

चाचांनी आपल्या टेम्पोची बॅटरी लावून पाहिली. बबनने स्टार्टरवर हातोडीने टकटक केली. नानांच्या नव्या इस्त्रीच्या शर्टावर ग्रीस आलं. मी एकेक ओळ खोडत गेले. साडेदहा वाजले, आणि यादीत एकच ओळ उरली: अर्थिंग. म्हणजे इंजिनापासून बॉडीपर्यंतची जाड तार.

"नाना, हे कुणाकडे?"

"माझ्याकडं," नाना हळूच म्हणाले. खरंच की! पुकारणाऱ्याला कोण पुकारणार?

मी टॉर्चचा उजेड पाडून वाकले. तारेचं एक टोक मोकळं होतं. त्याला हिरव्या लुगड्याची चिंधी गुंडाळून, गाठ मारून ते नीट बाजूला बांधलेलं.

"नाना, ही तार आपोआप निघालेली नाही. कुणीतरी काढलीय."

नानांनी टोपी काढली. "मीच काढली. ती दवाखान्यात गेली, त्या दिवशी जावई म्हनला, गाडी मी वापरतो. म्हनलं, तिच्याबिगर कुनी चालू करायची न्हाई. आन् मग इसरलो बगा, ताई."

"चार महिने तुम्हीसुद्धा नाही फिरवलीत?"

"मला कुठं येती चालवाया?"

काकू चालवायच्या आणि नाना डावीकडे ताठ बसायचे, तेव्हा आम्हाला वाटे, हे साहेबी थाटात बसलेत.

नानांनी नट आवळला. बबनने किल्लीकडे हात नेला, तो त्यांनी फटकन बाजूला सारला. "चाचनी न्हाई घ्यायची. आता तीच चालू करंल."

"नाही चालू झाली तर, नाना?" मी विचारलं.

नानांनी बॉनेट खाली घेतलं.

अकराला जीप आली. काकू वॉकर टेकत सरळ उजव्या दाराशी गेल्या. सीटवर आधीच उशी होती. नाना पलीकडून शेजारी जाऊन बसले, हात गुडघ्यांवर. काकूंनी किल्ली फिरवली.

कुर्रर्र... आणि गाडी धडधडू लागली. चाचा आणि बबन गाडीभोवती नाचत फेऱ्या मारायला लागले.

आत नाना समोर बघत होते. कुणी पुकारलं नव्हतं, तरी अगदी हळू म्हणाले, "हजर."