रिकाम्या ओळींची झाडलोट

बसगाड्यांच्या वेळापत्रकाच्या कचेरीत प्रोग्रामर सकाळपासून कोड लिहायच्या एडिटरचे रंग बदलत बसला होता. पार्श्वभूमी गडद निळी केली, आकडे केशरी केले, शब्द पोपटी केले. राहता राहिल्या कॉमेंट्स. कोडच्या मधेमधे, पुढच्या माणसाला कळावं म्हणून लिहिलेल्या या टिपा. कचेरीत सर्वांत जुन्या असलेल्या ताईंनी बारा वर्षांत त्या ढिगानं लिहून ठेवल्या होत्या. त्या करड्या ओळी त्याच्या डोळ्यांत खुपायच्या. त्यानं त्यांनाही गडद निळा रंग दिला आणि त्या दिसेनाशा झाल्या.

"आता कसं चकाचक दिसतंय!" तो स्वतःवरच खूश झाला.

आठवड्याभरात, आपण काही झाकलंय हेच तो विसरला. मग त्याला जिथे तिथे मोकळी जागा दिसायला लागली.

"किती या रिकाम्या ओळी!" म्हणत त्यानं दुपारभर झाडलोट करून त्या पुसून टाकल्या. एका ठिकाणी दहा नंबरच्या आठ-चाळीसच्या बसला विनाकारण चार मिनिटं जोडलेली होती. तीही त्यानं उडवली.

सोमवारी साहेब अर्धा तास उशिरा आले. मंगळवारीही तेच. बुधवारी आले ते घामाघूम होऊन, धापा टाकत.

"डोळ्यांदेखत बस गेली! बारा वर्षांत एकदा चुकली नव्हती माझी. वेळेचा पक्का माणूस मी! वेळापत्रकाला हात कुणी लावला?"

"साहेब, मी उलट दुरुस्त केलंय," प्रोग्रामर म्हणाला. "उगाच चार मिनिटं जास्त होती. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं."

"लिहिलंय की! मीच लिहिलंय," म्हणत ताई उठून आल्या. त्यांनी पडद्यावर वरखाली शोधलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "अरे, माझ्या सगळ्या टिपा कुठे गेल्या?"

प्रोग्रामरच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. नशीब, जुनी प्रत शाबूत होती. ती त्यानं घाईघाईनं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उघडली आणि एकही टीप सुटू नये म्हणून सगळ्यांना भडक पिवळा रंग दिला.

ताई एकदम गडबडल्या. "साहेब, तुम्ही दमलाय. जरा आत जाऊन बसा. आम्ही बघतो."

"मुळीच नाही. दहा नंबरचं काढ. मोठ्यानं वाच."

प्रोग्रामरनं वाचायला सुरुवात केली आणि त्याचा आवाज बारीक होत गेला. "दहा नंबर मुद्दाम चार मिनिटं उशिरा सोडली आहे. साहेब रोज कोपऱ्यावरून पळत येतात. त्यांना कळू देऊ नये."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ताई, हे कधीपासून?"

"तुम्ही इथे रुजू झालात ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मीही त्याच बसला असते. बघवेना हो."

साहेबांनी ती पिवळी ओळ पुन्हा एकदा वाचली. मग घसा खाकरून म्हणाले, "ती चार मिनिटं काढून टाक."

प्रोग्रामरनं मान खाली घालून कीबोर्ड ओढला.

"आणि सहा घाल. हल्ली गुडघा दुखतो."