डोकं वेगळं, पाय वेगळे

अण्णा मेस्त्रींच्या कमरेला पट्टा आहे, तोंडाला नाही. भरलेल्या कळशीपेक्षा जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलंय. ही आज्ञा ते इतक्या निष्ठेने पाळतात, की कळशीसुद्धा मलाच भरून आणायला लावतात. मात्र दुसरा कोणी काही उचलत असेल तर ते कसं उचलावं हे सांगायला डॉक्टरांनी मनाई केलेली नाही. एवढी चूक त्या भल्या माणसाने सुधारावी, अशी माझी फार इच्छा आहे.

खेडच्या बाजारपेठेत अण्णांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. वरच्या माडीवर मी भाड्याने राहतो आणि शाळेत गणित शिकवतो. पावसाळ्यात जगबुडी नदीचं पाणी बाजारात शिरतं, म्हणून जून लागला की इथे सगळेच माल वर चढवतात. अण्णांचा माल म्हणजे ओतीव लोखंडाची सहा जुनी, काळी मशीनं. ती माझ्या बाहेरच्या खोलीत येतात आणि नवरात्रात खाली जातात. चार महिने घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी शिवणवर्ग काढल्यासारखा वाटतो.

वाहणारे दोघं. मी, आणि लोट्याला कंपनीत असलेला शेजारचा सुधीर. तो कंपनीच्या बसमधून उतरला रे उतरला, की अण्णा त्याला धरतात. मग स्वतः खुर्चीत बसतात आणि हातातली मोजपट्टी आमच्यावर रोखतात.

"ओ सर, चाकाला धरू नका. ते काय कढईचे कान हायत?"

"फळीला तर बिलकुल नको. फळी हातात येईल नि मशीन पायावर."

"ताकद कोण मागतंय तुमच्याकडं? ती नाय ते बघूनच कळतंय."

पद्धत ठरलेली. सुई काढायची, चाकावरचा पट्टा उतरवायचा, मशीन मागे कलवून बिजागरीचे दोन स्क्रू सैल करायचे आणि वरचा भाग, म्हणजे अण्णांच्या भाषेत 'डोकं', सुटं करायचं. मग जिन्यावर पाठमोरं बसून ते मांडीवर घ्यायचं आणि बसल्या बसल्या एकेक पायरी मागे सरकत वर जायचं. अख्खा वर्ग ज्याला घाबरतो तो मी दर जूनमध्ये असा जिना चढतो, आणि समोरचा किराणावाला तराजू थांबवून बघत राहतो. खालचे लोखंडी पाय ओल्या गोणपाटावरून जिन्यापर्यंत ओढायचे, पुढे फळी टाकून दोराने वर घ्यायचे. "डोकं वेगळं, पाय वेगळे," हा अण्णांचा जप दिवसभर चालू असतो. कबूल करायला जड जातं, पण चार वर्षांत आमचं एक बोटसुद्धा चेंगरलेलं नाही.

मला राग होता तो एकाच गोष्टीचा. सहातलं एक मशीन गंजून पार आवळलंय. चाक तसूभर फिरत नाही. कुणीही ते मोडीत काढलं असतं, पण अण्णांच्या हुकमाने तेच पहिलं वर जायचं. गिऱ्हाइकांची चालू मशीनं त्याच्या मागून.

या वर्षी सगळं लांबलं. सुधीरच्या पाळ्या बदलल्या, मी प्रशिक्षणाला रत्नागिरीत अडकलो. जुलै आला तरी मशीनं खालीच. आणि एका सकाळी नगरपालिकेचा भोंगा वाजला. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं होतं, सुधीर लोट्याला होता, आणि मी एकटा.

"अण्णा, चालू पाच आधी नेतो," मी म्हटलं. "ते गंजकं राहू दे. बुडालं तर त्याचं आणखी काय बिघडणार आहे?"

अण्णांनी टोमणा मारला नाही, तिथेच मला चुकल्यासारखं वाटलं. ते उठले, गंजक्या मशीनचे स्क्रू काढले, डोकं पोटाशी धरलं आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले.

"तुम्ही गिऱ्हाइकांची न्या सर. ह्याचं मी बघतो."

"अहो, कमरेचं काय?"

"सुमनचं हाय हे."

सुमनकाकी म्हणजे त्यांची बायको. मी इथे राहायला येण्याआधीच ती गेली.

"मागं पाणी आलं तेव्हा बोलली, लोकांची आधी न्या, माझं राह्यलं तर राह्यलं. मी ऐकलं. राह्यलं." अण्णा एक पायरी मागे सरकले. "पाणी उतरल्यावर गाळातनं काढायला गेलो. एकटा, डोकं वेगळं न करता. कंबर तेव्हाच गेली. मशीन काय चालू झालं नाय. ती एक शब्द बोलली नाय ओ. बोलली असती तर बरं झालं असतं."

मला माझीच लाज वाटली. मी खालच्या पायरीवर गुडघे टेकले आणि मशीनच्या बुडाखाली दोन्ही हात घातले. तसे आम्ही वर गेलो. मग मी धावत उरलेली पाच डोकी आणली. सगळे पाय खालीच राहिले, आणि दुपारी पाण्यात गेले. "पाय धुता येतात," एवढंच अण्णा म्हणाले.

दर वर्षी ते गंजकं मशीन मी दाराआड, चपलांशेजारी ठेवतो. या वेळी टेबल रिकामं करून खिडकीशी ठेवलं. शिवायला उजेड लागतो.

अण्णा बघत होते. कसं ठेवावं, ते त्यांनी सांगितलं नाही.