कंधारच्या बगीच्यात चहाच्या गाड्याची तसबीर उतरली त्याची हकीकत

कंधारच्या बगीच्यात सांजसकाळ बाक अडवून बसणाऱ्या वडील मंडळींनी आज्ञा केली, की लुंबिनीबाईसाहेबांनी रंगांची जी मोहीम केली तिची साद्यंत हकीकत लिहावी. आज्ञेप्रमाणे पाहिले तैसे लिहिले, आणि जे नाही पाहिले तेही लिहिले असे.

बाईसाहेब मोजणी खात्यात हयात घालवून नुकत्याच सेवानिवृत्त जाहल्या. त्यांचा दरारा काय वर्णावा! शिवारात त्यांची मोजणीची साखळी पडली की भावाभावांचे बोलणे तुटे, आणि ज्याचे दारी जावे तो मागल्या दाराने पसार होई. चहा घेता का म्हणून पुसणारे थोडे, आणि जो पुसे त्याचे मनात बांध सरकविण्याचे काळेबेरे. हे शल्य काळजात राहिले. मग बाईसाहेबांनी चित्रकलेचा इलम हासिल केला आणि निश्चय केला, की आता कोणी तरी आपणासमोर न भिता बसावे आणि आपण त्याची तसबीर काढावी.

मग एके रविवारी न्याहारी करून कूच केले. सरंजाम येणेप्रमाणे: तिकाटणे, रंगांची पेटी, पाण्याचा डबा, घडीची खुर्ची आणि नातीची गुलाबी टोपी. नजीकच थोरला किल्ला तयारीत उभा होता. पण बाईसाहेबांनी त्याकडे ढुंकून न पाहता, फाटकाबाहेर रस्त्यालगत लागलेल्या महादेवप्पांच्या चहाच्या निळ्या गाड्यावर नजर रोखली. मग चित्रकारांचे रिवाजाप्रमाणे हात लांब करून पेन्सिल उभी धरली, एक डोळा मिटला आणि गाड्याची उंची अजमावली, मग पेन्सिल आडवी करून रुंदी अजमावली.

तोच घात जाहला. महादेवप्पांनी बाईसाहेबांस ओळखले आणि आवई उठली, की मोजणीवाल्या बाई आल्या, अतिक्रमण निघणार! मग एकच हलकल्लोळ. शेंगावाल्या सिंधुबाई पाटी डोईवर घेऊन फरारी जाहल्या, फुगेवाला फुग्यांसकट गल्लीत शिरला, आणि बाकावरील मंडळी, ज्यांचे कोठेच अतिक्रमण नव्हते, तीही सवयीने उठून उभी राहिली. महादेवप्पांनी उकळत्या चहासह गाडा रेटला.

बाईसाहेब पाठलागास निघाल्या. हातातील पेन्सिल ठेवण्याचे भान राहिले नाही, त्यामुळे शत्रू अधिकच धास्तावला.

"अवो, मी रिटायर झाले! चित्र काढून राहिले!"

"आधी सगळे असंच म्हनतेत! सरकून राहिलो ना बाई, टेप काढू नका!"

अखेर गाड्याचे चाक नालीत रुतले आणि उभय पक्ष धापा टाकीत समोरासमोर आले. तेथे बाईसाहेबांचे डोळे भरून आले.

"महादेवप्पा, जलमभर लोक मला बघून पळाले. तुमी तरी आज बसा की."

ते ऐकून महादेवप्पा विरघळले आणि तह जाहला, की गाडा मूळ ठिकाणी लावावा, धन्याने शेजारी बसावे, मात्र बाईसाहेबांनी पेन्सिल पुन्हा डोळ्यापुढे धरू नये, जे काढणे ते अंदाजाने काढावे. हे कलम बाईसाहेबांस फार जड गेले, तरी कबूल केले.

मग काम चालले. महादेवप्पा मान न हलविता बसले, मग मधेच उठून आल्याचा चहा बाईसाहेबांचे हाती दिला आणि पुन्हा जैसे होते तैसे बसले. सिंधुबाईही परतल्या.

दोन प्रहरी तसबीर तयार जाहली. पाहतात तो अंदाज साफ चुकलेला! रस्त्यावरील गाडा फाटकाच्या पुरता आत, बगीच्यातील लिंबाखाली ऐटीत उभा. महादेवप्पा हर्षभरित होऊन बोलले, "हाव! आता जागा कागदावर आली! बाई, खाली सही अन् तारीख टाका!"

बाईसाहेबांनी उभ्या नोकरीत बोटभर बांध कोणाचा सरकू दिला नव्हता. त्यांनी चूक दुरुस्त करण्यास कुंचला ओला केला, महादेवप्पांच्या तोंडाकडे पाहिले, कुंचला ठेवला आणि सही केली.

तसबीर हल्ली गाड्यावर खिळ्यास टांगली आहे. मोहीम फत्ते जाहली. कोणी कुत्सितपणे म्हणेल, की चहा जागेसाठी पाजला. तरी बाकावरील समस्त मंडळींचे साक्षीने येथे नमूद केले असे, की चहा आधी आला, आणि तसबीर महादेवप्पांनी मागाहून पाहिली.